बाराचा मुहूर्त मोडणाऱ्या बाई

"सकाळपासून लघवीला किती डाव गेल्तात?"

आमच्या बाईंचा नमस्कार हा असा होता. समोर कोण आहे, चारचौघं बसलेत की एकटाच माणूस आहे, याचा त्यांना काडीचा फरक पडत नसे. एकदा लसीकरणाच्या शिबिराला जिल्ह्याहून मोठे साहेब आले. हार झाला, नारळ झाला, साहेबांनी भाषणासाठी घसा खाकरला, आणि पहिल्या रांगेतून बाई उठल्या. "साहेब, घाम लई फुटून राह्यलाय तुम्हाला. सकाळपासून लघवीला किती डाव गेल्तात?" मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. साहेब बिचारे हातातल्या कागदाकडे बघत हळूच म्हणाले, "एकदाच." बाईंनी भर सभेत त्यांना तांब्याभर पाणी प्यायला लावलं. भाषण त्यानंतर झालं.

मी नंतर त्यांना म्हणालो, "बाई, जरा माणूस बघून तरी विचारत जा."

"भाऊ, माणूस काय बी सांगतं. बरा हाय म्हणतं, जेवलो म्हणतं. लघवीचं मात्र कोणी खोटं बोलत न्हाई," त्या म्हणाल्या.  

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. घनसावंगी अजून वेगळा तालुका झाला नव्हता, आमचा सगळा भाग अंबडात मोडायचा. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं द्यायला होतो. हुद्दा फार्मासिस्ट, पण गावातले लोक कंपाउंडर म्हणायचे. एखादं भेदरलेलं म्हातारं डॉक्टरसाहेबही म्हणे, तेव्हा मी दुरुस्त करत नसे. कुंभार पिंपळगावच्या अलीकडे एका गावात आमचं उपकेंद्र होतं, एक खोली आणि एक पडवी. तिथल्या नर्स म्हणजे या बाई. मूळच्या परतूरकडच्या शेतकरी घरातल्या. पन्नाशीच्या आसपास वय, बांधा काटक, आवाज मोंढ्यातल्या हमालासारखा. तुमच्याही गावात अशी एखादी नर्स होऊन गेली असेल. तिला लोक घाबरतातही आणि तिच्याशिवाय त्यांचं पानही हलत नाही.

तो प्रश्न त्या शिकल्या उसाच्या फडात. आमच्याकडे येण्याआधी त्या अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या बाजूला होत्या. ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे त्यांनी हेरलं. पाणी प्यायलं की आडोसा शोधावा लागतो, आणि तोडून मोकळ्या झालेल्या रानात आडोसा कुठला? मग जळजळ, ताप, कंबर धरून बसणं. बाईंनी मुकादमाला सांगितलं, पाचटाचा कूड उभा कर. तो म्हणाला, "माझं काम ऊस तोडायचं हाय बाई, मोरी बांधायचं न्हाई." बाई म्हणाल्या, "तुझी बायको कवापासून कंबर धरून बसलीय, ते घरी जाऊन इचार. मंग ये माझ्याशी भांडायला." दुसऱ्या दिवशी दुपारी कूड उभा होता.

आमच्याकडे ऊस कमी, कापूस आणि ज्वारी जास्त. इथं बाईंचं वैर जमलं ते लग्नांशी. म्हणजे लग्नाशी नाही हो, लग्नाच्या वेळेशी.

आमच्याकडचं वैशाखातलं लग्न तुम्ही पाहिलंच असेल. पत्रिकेवर छापलेलं असतं, दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटं. त्या पस्तीस मिनिटांवर जोशीमहाराजांनी बोटांवर मोजून हिशेब केलेला असतो, आणि तो पाळायचा नाही हे सगळ्या गावानं आधीच ठरवलेलं असतं. साडेबाराला वऱ्हाडाचं ट्रॅक्टर वेशीवर येतं. मग नवरदेवाचा परण्या निघतो. घोड्यावरून मारुतीला जायचं आणि परत यायचं, अंतर तीनशे पावलं. पण पुढे बँड आणि बँडपुढे नाचणारे मित्र! तीनशे पावलांना दोन तास. तोवर मांडवात कापडाखाली हजार माणसं भाजत बसलेली. अडीच-तीनला अक्षता पडायच्या, आणि चारला उपकेंद्राच्या पडवीत माणसं ओळीनं निजवलेली असायची. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे बाहेरचं झालं. कांदा चोळणारेही असत. बाई कांद्याला हसत नसत. "चोळा की कांदा, पण तोंडात पाणी बी घाला," म्हणत आणि सलाईनची सुई हातात घेत.

उपकेंद्रातल्या कॅलेंडरवर त्या ऊन लागलेल्या प्रत्येक माणसामागे एक लाल टिंब द्यायच्या. जुनी कॅलेंडरं टाकून न देता खिळ्याला एकावर एक अडकवून ठेवायच्या. एकदा मला ती उलटून दाखवली. "बघा भाऊ. पयले टिंबं वैशाखात सुरू व्हायचे. मंग चैत्रात सुरू झाले. औंदा होळीलाच पयलं टिंब पडलं. ऊन आपल्यावर दरसाल लवकर चाल करून येऊन राह्यलंय." मी म्हणालो, तसंच वाटतं आपल्याला, दरवर्षीच वाटतं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा ते कधी बोललो नाही.

मग दगडूअण्णांच्या घरचं लग्न आलं.

दगडूअण्णा म्हणजे गावातला सरळ, जिद्दी शेतकरी. त्याला दोन मुली. थोरलीचं लग्न ऐन वैशाखात. आमच्याकडे मुलीच्या बापानं कन्यादान होईपर्यंत उपाशी राहायचं असतं. काही घरांत नुसतं जेवण सोडतात, अण्णाच्या घरात पाण्याचा थेंबही चालायचा नाही. पहाटेपासून कोरड्या घशानं अण्णा धावत होता. मुहूर्त बाराचा आणि कन्यादानाला बसला तेव्हा तीन वाजत आले होते. हातात झारी घेतली, पाण्याची धार सुटली, आणि अण्णा तसाच आडवा झाला. कन्यादान धाकट्या भावानं उरकलं. बाईंनी अण्णाला ओल्या चादरीत गुंडाळून जीपमध्ये घातलं आणि जालन्यापर्यंत मांडीवर डोकं घेऊन नेलं. अण्णा वाचला. पण डॉक्टरांनी साफ सांगितलं, मूत्रपिंडाला मार बसलाय, पुन्हा असं ऊन लागलं तर हा माणूस हाती लागणार नाही.

अण्णाला त्या दुखण्याचं काही नव्हतं. त्याला सल एकच. "थोरलीचं कन्यादान माझ्या हातनं झालं न्हाई," म्हणायचा आणि हाताकडे बघायचा. धाकटी सुमन, तिची सुपारी पुढच्याच वर्षासाठी फुटली होती, पुन्हा वैशाखात. "सुमीचं मात्र मीच करणार. अन् उपाशीच करणार. मंग ऱ्हायलो तर ऱ्हायलो, गेलो तर गेलो. नशिबात असंल ते."

बाई उसळल्या. "नशीब न्हाई ते अण्णा. बारा वाजून पस्तीस मिनटं हाय ते!"

त्या वर्षी बाईंनी एकच ध्यास घेतला. सुमनच्या लग्नात अण्णा मरता कामा नये, आणि कन्यादानही त्याच्याच हातनं झालं पाहिजे. आधी त्यांनी एक सोपा उपाय काढला. चैत्रात अण्णाच्या पुतण्याचं लग्न होतं. बाईंनी घरच्यांच्या मागे लागून, जोशीमहाराजांच्या हातापाया पडून मुहूर्त सकाळी सव्वाआठचा काढून घेतला. ऊन चढायच्या आत अक्षता, अकराला पंगती उठल्या की काम फत्ते. पत्रिकासुद्धा स्वतः वाचून छापायला दिली. मला आठ दिवस आधीपासून सांगत होत्या, "बघाच भाऊ तुम्ही. पडवी रिकामी ऱ्हाती का न्हाई बघाच."

काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. आमच्या माणसांनी पत्रिका वाचली आणि मनातल्या मनात चार तास मिळवले. सव्वाआठ म्हणजे बाराच की! वऱ्हाड अकराला आलं. परण्या निघाला. नाचणाऱ्यांना तर सकाळचं सावलीत बसून हुरूप आलेला. अक्षता पडल्या बरोबर एक वाजता. आणि गावातली जी चार शहाणी माणसं पत्रिकेवर विश्वास ठेवून आठला येऊन बसली होती, ती पाच तास उपाशी, मांडवाखाली. पडवी पुरली नाही, शाळेच्या वर्गात माणसं निजवावी लागली. दरवर्षीपेक्षा जास्त. गाव हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. सलाईन आणून देता देता म्हणालो, "बाई, तुम्ही सूर्याला वळण लावाल एकवेळ. आपल्या लोकांना वेळेवर आणणं तुमच्या बापाच्यानं होणार नाही."

त्यांनी सलाईन घेतली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. असं कधी झालं नव्हतं. चार दिवस त्या केंद्रावर आल्या नाहीत, मला चुटपुट लागून राहिली. पाचव्या दिवशी औषधांच्या खिडकीत अचानक त्यांचं डोकं आलं.

"चुकलं माझं, भाऊ."

"जाऊ द्या हो बाई. मी बी जरा जास्तच बोललो."

"तुम्ही बराबर बोललात. आपली माणसं उशीर करणारच. त्यात बिलकुल बदल न्हाई. मी त्यान्ला जल्दी आणायला निघाले, हेच चुकलं." मग खिडकीतून आणखी आत वाकून म्हणाल्या, "मंग उशीर होऊ द्या की! सकाळी उशीर केला तर ऊन वाढतं. संध्याकाळी उशीर केला तर?"

मी हातातली गोळ्यांची पुडी तशीच धरून उभा राहिलो. इतकी साधी गोष्ट! आमच्या लोकांचा जो दुर्गुण त्यांना भर उन्हात पाडत होता, तोच त्यांना अलगद गारव्यात नेऊन सोडणार होता. मी नुसतं म्हणालो, "बाई, तुम्ही महान आहात." त्या म्हणाल्या, "ते नंतर. पयले महाराजांकडं चला."

जोशीमहाराज पडवीत पंचांग चाळत बसले होते. बाईंनी विचारलं, "महाराज, संध्याकाळी मुहूर्त नसतोच का?"

"नसतो कसा? गोरज मुहूर्त असतो की. गाई घरी येतात ती येळ. लई शुभ. त्याला फारसे दोष पण पाहात न्हाईत."

"मंग इतके वर्स सांगितलं का न्हाई?"

"कोणी इचारलंच न्हाई," महाराज म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. पुढची अडचण मीच काढली, की पाहुण्यांच्या बैलगाड्या अंधारात परत कशा जायच्या? म्हणून तर दुपारचं लग्न. त्यावर महाराज स्वतःच रंगात आले. वैशाख शुद्धातली द्वादशी काढली, म्हणजे आभाळात मोठा चंद्र. आणि बाईंनी हळूच तिसरं काम करून घेतलं. "महाराज, उपासाला पाणी चालतं?" चालतं. "साखर?" चालते. "लिंबू? सैंधव?" चालतं की. "मंग ह्या चारी वस्तू एका तांब्यात घातल्या तर उपास मोडतो का?" महाराज बराच वेळ विचार करून म्हणाले, "मोडायचं काही कारण दिसत न्हाई." हीच आमच्या सरकारी पाकिटातली जलसंजीवनी, फक्त सैंधवाची. अण्णाच्या उपवासाची सोय झाली.

उरला वरबाप. परतूरच्या मोंढ्यात त्याची धान्याची आडत होती. त्याला सगळे अप्पा म्हणत. बाई मला घेऊन एसटीनं परतूरला गेल्या. अप्पा गादीवर लोडाला टेकून बसले होते. चहा आला, आणि ऐकून घेतल्यावर अप्पा कडाडले, "संध्याकाळी लगन? आम्ही काय पोरगी पळवून नेऊन राह्यलो का? मोंढ्यातले चार व्यापारी येतील माझ्या अंगानं. त्यान्ला तोंड काय दाखवू? जमणार न्हाई!"

बाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. मला त्या नजरेचा अर्थ कळला. मी मनात म्हणालो, नको बाई, इथं नको.

"अप्पा, सकाळपासून लघवीला किती डाव गेल्तात?"

अप्पा गादीवरून ताडकन उठले. आता आपल्याला धक्के मारून बाहेर काढतात, असं समजून मी पायांनी चपला चाचपू लागलो. इतक्यात आतल्या दारातून बांगड्या वाजल्या आणि अप्पांच्या घरच्या काकूंचा आवाज आला, "इचारा, इचारा बाई! तीन दिवस झाले, आडवे-उभे होऊन राह्यलेत दुखण्यानं. कोणाला सांगू देत न्हाईत!"

मुतखडा. दिवसभर पत्र्याखाली गादीवर बसायचं, सौद्यांच्या धांदलीत पाणी प्यायचं नाही, आणि दुखलं तर कोणाला सांगायचं नाही. बाईंनी अप्पांना आत नेऊन झोपवलं. मी माझ्याजवळच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना जालन्याला डॉक्टरकडे पाठवलं. दोन आठवड्यांनी अप्पांचा निरोप आला. संध्याकाळचं कबूल. फक्त का कबूल केलं, ते मांडवात कोणाला सांगायचं नाही. इतकी वर्षं सांगितलं नाही. आज लिहितोय, तर अप्पांनी माफ करावं.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. बाई दुपारी दोनपासून अण्णाच्या घरी ठाण मांडून बसल्या होत्या. दर अर्ध्या तासानं तांब्या पुढे. अण्णा कुरकुरायचा, "उपास हाय का पाण्याचा परसाद हाय हा?" बाई म्हणायच्या, "महाराजांला इचारा जाऊन. प्या गुमान."

पत्रिकेवर सहा वाजून वीस मिनिटं होती. वऱ्हाड सव्वासहाला वेशीवर आलं आणि परण्या निघाला. पोरं नाचायला लागली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बँडवाल्याला म्हणालो, "वाजव बाबा, बिनघोर वाजव, हवं तेवढं वाजव!" नाच चालू, सूर्य खाली, नाच चालू, सूर्य आणखी खाली. सात वाजून गेले. मारुतीच्या पिंपळाची पानं हलायला लागली. वारा आला हो, वारा! मांडवातल्या म्हाताऱ्या माणसांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. साडेसातला अक्षता पडल्या तेव्हा पूर्वेला हा एवढा चंद्र होता.

मग कन्यादान. अण्णा बसला. हातात झारी घेतली. मी बाईंकडे बघितलं, त्या ओठ दाबून उभ्या होत्या. मांडवातल्या अर्ध्या लोकांना मागच्या वर्षीचं आठवत होतं. पाण्याची धार सुमनच्या हातावर पडली, तिथून नवरदेवाच्या हातावर, आणि धार तुटली नाही. अण्णाचा हात जरासुद्धा हलला नाही. महाराजांचा मंत्र संपला तसा अण्णा मोठ्यानं रडला, आणि रडता रडता भावाला म्हणाला, "झालं रे! माझ्या हातनं झालं!"

बाईंनी माझा दंड असा पकडला की दोन दिवस दुखत होता. "जिकलो, भाऊ, जिकलो!" म्हणत होत्या. डोळे पुसत नव्हत्या, पाणी तसंच वाहू देत होत्या.

त्या दिवशी उपकेंद्राच्या पडवीत एकही माणूस आला नाही. गावात इतकी लग्नं झाली, पण बाईंना पंगतीत बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. लग्न म्हटलं की त्या सलाईन लावत बसलेल्या. त्या संध्याकाळी त्या पहिल्या पंगतीला बसल्या आणि बुंदी चार वेळा मागून घेतली. अप्पांनी स्वतः वाढली.

पुढच्या वर्षी गावातली निम्मी लग्नं गोरज मुहूर्तावर लागली. त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या दोन गावांनी जोशीमहाराजांना धरलं. महाराज तर असं सांगत फिरायचे की ही त्यांचीच कल्पना. बाई म्हणायच्या, सांगू द्या, त्यानं कोणाचं ऊन वाढत न्हाई. निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. सगळी पृथ्वीच तापत चालली आहे, परदेशातल्या मोठ्या शहरांतही उन्हानं माणसं जातायत, असं त्यात होतं. बाईंनी चष्मा पुसत विचारलं, "तिथं बी दुपारी बारालाच लगनं लावतात का?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाल्या, "काही तरी असंलच त्यांचं बी, दुपारी करायचं. तिथल्या कोण्या नर्सला माहीत असंल." निवृत्त होऊन त्या परतूरकडे आपल्या गावी गेल्या, आणि काही वर्षांनी एका हिवाळ्यात साध्या तापानं गेल्या. मला चार दिवसांनी कळलं. मी नव्हतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

परवाच्या वैशाखात सुमनच्या लेकीचं लग्न होतं. आजोळी, दगडूअण्णाच्या दारात. पत्रिकेवर संध्याकाळी साडेसहा. मी निवृत्त माणूस, वेळेवर जाऊन बसलो. शेजारी शहरातून आलेले एक गृहस्थ होते, घड्याळ बघत. त्यांनी पुढे बसलेल्या एका गावकऱ्याला विचारलं, "काय हो, तुमच्या भागात सगळीच लग्नं संध्याकाळी कशी?"

तो चाळिशीचा माणूस, मी त्याला ओळखत नव्हतो. तो सहज म्हणाला, "आमच्यात पयल्यापासून तसंच हाय. आज्या-पणज्याची रीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पयल्यापासून? मी सांगायला पुढे वाकलो. वाटलं, बाई असत्या तर खूश झाल्या असत्या, की लोकांना आठवतसुद्धा नाही इतकं हे मुरलं. पण मला काही खूश होता येईना.

पलीकडे खुर्चीवर दगडूअण्णा बसला होता. काठी पायांत, दात गेलेले, कानानं कमी. पण एवढं नेमकं त्याला ऐकू गेलं. त्यानं काठी जमिनीवर आपटली आणि सगळा मांडव वळून बघेल अशा आवाजात म्हणाला,

"पयल्यापासून न्हाई! मी मरून राह्यल्तो, तवापासून. आमच्या बाईनं सुरू केलं हे!"

मग त्यानं त्या चाळिशीच्या माणसाला बाईंचं नाव सांगितलं, आणि त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.